हिरव्या गादीचं चित्र

१ मार्च, बायकांचा सण

शी! आज नवऱ्यानं बायकोला भेट द्यायची रीत, आणि आमच्या नुमिसियसनी दिलेली भेट मी आत्ता खाटेखाली पालथी घालून ठेवली आहे. मातीचा दिवा. तसा चांगला आहे, दोन वातींचा, तेल गळत नाही. पण वर मधोमध, जिथं माणसानं एखादं फूल काढावं, ससा काढावा, तिथं एक बाई आणि एक बुवा, आणि ते दोघं जे काही करताहेत ते मी लिहायची नाही.

“अगं, बाजारात सगळे तसलेच आहेत,” हे म्हणाले. “सशाचा मागितला तर दुकानदार हसला मला.”

“हसू दे की मेल्याला! ह्या उजेडात मी लेकीच्या लग्नाची ओढणी शिवू?”

“ओढणीकडं बघ ना मग. दिव्याकडं कशाला बघतेस?”

ह्यांच्याशी बोलण्यात काही अर्थ नाही. म्हणून तर लिहायला बसले. या घरात आल्यापासून माझ्या डोक्याला जो ताप झालाय तो कुठंतरी ओतायला हवा.

आमच्या पोल्लाचं लग्न ठरलंय. मे महिना भुतांचा, त्यात कुणी शहाणा माणूस लग्न करत नाही, तेव्हा एप्रिल संपायच्या आत उरकायचं. व्याही कापुआचे, जुन्या घराण्यातले. आणि आम्ही कोण, तर खारवलेल्या माशाचा रस विकणारे. सगळं नुकेरिया गाव आम्हाला वासावरून ओळखतं. म्हणून तर म्हाताऱ्या व्हेसोनियसच्या मागं त्याच्या भाच्यांनी हे घर विकायला काढलं तेव्हा मीच ह्यांच्या मागं लागले, की घ्या. विहीणबाई यायच्या आत घर घरासारखं दिसलं पाहिजे. पोल्लाला तिथं गेल्यावर कुणी नाक मुरडू नये, एवढंच माझं मागणं आहे.

आजच्या सणाला मालकिणीनं नोकरांना आपल्या हातानं वाढायचं असतं. वाढलं. घराबरोबर एक म्हातारी दासी आलीय, ख्रेस्ते नावाची. तिला म्हटलं, आज काय हवं ते माग. सगळे काहीबाही मागत होते, मध मागत होते, सुट्टी मागत होते. ही म्हणाली, “बाईसाहेब, निजायच्या खोलीची झाडलोट माझ्याकडंच राहू द्या.” हे काय मागणं झालं? मी म्हटलं, घे बाई.

६ मार्च

आता कळलं तिनं ती खोली का मागितली ते. बाई बाई बाई!

घर घेताना ती खोली दारातूनच बघितली होती, अंधारात, आणि अजून आम्ही पुढच्याच खोलीत निजतो. आज खिडकीची फळी काढली आणि मी किंचाळलेच. समोरची अख्खी भिंत! दिव्यावर निदान बोटभरच असतं, इथं तर माणसाएवढी माणसं. हिरवी गादी, तिला पिवळे पट्टे. तिच्यावर ती बया, छातीच्या पट्टीशिवाय अंगावर चिंधी नाही, पायांत सोन्याचे वाळे, एक वाळा जरा घसरून टाचेशी आलेला. आणि तो बाप्या उशीला रेलून, हात पुढं केलेला, चेहरा असा की आत्ताच दोन ताटं जेवून उठलाय. मागं कोपऱ्यात कुणी दासी सुरई घेऊन उभी. म्हणजे हे सगळं चालू असताना वर पाणी द्यायला माणूस! कमाल झाली निर्लज्जपणाची.

मी ह्यांना हाक मारली. हे आले, बघितलं आणि खूश झाले.

“व्हेसोनियसनं रोमहून माणूस आणून काढून घेतलंय म्हणे. गावातले लोक मुद्दाम बघायला यायचे.”

“अहो, आपली मुलगी आहे घरात!”

“पोल्ला रोज पाव आणायला जाते त्या भटारखान्याच्या भट्टीवर काय कोरलंय ते बघितलंयस ना? दारावरच्या घंटेला काय लटकतंय? तान्ह्या पोराच्या गळ्यात आपण काय बांधतो? दृष्ट लागू नये म्हणून सगळ्या गावभर पुरुषाचं तेच आहे. पोल्ला बघून बघून कंटाळली असेल.”

“भट्टीवरचं दृष्टीसाठी असतं. इथं कुणाची दृष्ट काढायचीय?”

हे हसत बाहेर गेले. मी वळले तर मागं ख्रेस्ते, मऊ कोरडा फडका घेऊन, आम्ही निघायची वाट बघत. आणि आम्ही बाहेर पडताच भिंतीशी जाऊन पुसायला लागली, अगदी हळू, जसं तान्ह्या पोराचं तोंड पुसावं. ह्या वयात! तोंडात दात नाहीत आणि ही हौस.

९ मार्च

गावच्या न्हाणीघरात फजिती झाली. कपडे ठेवायच्या खणांवर तसलीच चित्रं रंगवलीत, प्रत्येक खणावर निराळं, म्हणजे आपला खण लक्षात राहावा. आकडे घालायला काय झालं होतं? मी नेहमी डोळे मिटून एका खणात कपडे कोंबते आणि पळते. आज बाहेर आले तर खण कुठला ते आठवेना. कपडे सांभाळणारी बाई म्हणाली, “तुमचे कुठल्या चित्राखाली?”

मी म्हटलं, डावीकडून असेल कुठलातरी.

“तसं नाही कळायचं ताई. नावेतलं? खुर्चीतलं? की ते तिघांचं?”

सगळ्या बायका खो खो हसायला लागल्या. मी ओल्या पंच्यात बसून राहिले, सगळ्या आपापले कपडे घेऊन जाईपर्यंत. जे उरलं ते माझं. नावेतलं होतं. आता ती नाव डोळ्यांपुढून हलत नाही.

१९ मार्च

आज कानांनी ऐकलं म्हणून लिहिते, नाहीतर कुणी सांगितलं असतं तर खोटं म्हटलं असतं.

सकाळी त्या खोलीवरून जात होते. आत ख्रेस्ते भिंतीशी बोलत होती. “काल फार गारठा होता,” म्हणत होती. “पांघरलंस का? आणि उभं राहून राहून पाय दुखत असतील. मी तेल आणलं असतं, पण तेल लावलं की रंग जातो म्हणतात.” आणि मग तिथं खाली, भिंतीशी, एक मधाची वडी ठेवली. आमच्या स्वयंपाकघरातली!

थंडी वाजणारच, अंगावर काही असेल तर ना! माझ्या मनात आलं तसं मी बोलूनही दाखवलं. ख्रेस्ते दचकली, वडी उचलली आणि पदराखाली लपवत निघून गेली.

आमच्या स्वयंपाकिणीला विचारलं, ही म्हातारी वेडी आहे का? ती म्हणाली, वेडी नाही हो, तिला एक मुलगी होती, मिर्ताले नावाची, ह्याच घरात वाढली, चांगली वीस-बावीस वर्षांची झाली होती. व्हेसोनियस तिला रात्री हाताशी उभी ठेवायचा, पाणी द्यायला, दिवा धरायला. मग मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी, पुतेओलीच्या एका जहाजवाल्याला विकली. तेव्हापासून ही अशीच. स्वयंपाकीण सांगता सांगता डोळे पुसायला लागली.

मी तिथंच थांबवलं तिला. लग्नघर आहे हे. विकली गेलेली, मेलेली, परत न आलेली मुलगी, असल्या गोष्टी नवरीच्या कानावर पडल्या म्हणजे काय शकुन होतो? मी सगळ्यांना अंगणात गोळा केलं आणि ख्रेस्तेला सगळ्यांसमोर बजावलं, लग्न होईपर्यंत त्या मुलीचं नाव ह्या घरात निघता कामा नये. जी काढील तिला मी शेतावर पाठवीन.

ख्रेस्ते म्हणाली, “नाही काढणार, बाईसाहेब.”

वाईट वाटलं जरा. पण घरोघरी तेच असतं. माझ्या आईकडच्याही दोन दासींची पोरं विकली होती. काय करणार?

२५ मार्च

शेवटी रंगारी मिळाला. भूकंपात अर्ध्या गावाच्या भिंती पडल्या, तेव्हापासून रंगाऱ्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. ह्याचं नाव हिलारस. गुबगुबीत, सतत तोंड चालू.

भिंत बघून म्हणाला, “अरे वा! हे दोघं! हे तर मी स्वतः सात-आठ घरांत काढलेत. आमच्याकडं साचाच असतो ह्यांचा. गादी लाल करायची की हिरवी, एवढंच गिऱ्हाईकाला विचारायचं.”

म्हणजे ही घाण साच्यातून निघते! वाट्यांसारखी!

मग तो कोपऱ्याशी गेला आणि वाकून बघायला लागला. “ही मात्र साच्यातली नाही. ही कुणाला तरी समोर उभी करून काढलीय. बघा ना, कंटाळलीय कशी. एका पायावर भार टाकून उभी आहे.”

मी म्हटलं, मला ती कशी उभी आहे ते सांगू नकोस, ही भिंत कधी पांढरी होईल ते सांग.

तो म्हणाला, नुसता चुना फासून चालत नाही, खालचा रंग महिन्याभरात वर येतो. आधी सगळ्या भिंतीवर टोकदार हातोडीनं टोचे मारायचे, खड्डे पाडायचे, म्हणजे नवा गिलावा धरतो. मग ओल्या गिलाव्यावरच रंग द्यायचा, वाळायच्या आत. वर काय काढू?

आणि मला एकदम सुचलं. पोल्ला! पोल्ला कापुआला गेली की इथं माझ्यापाशी काय राहणार? तिच्या बाहुल्या पण ती लग्नाआधी देवाला वाहून टाकणार. हिलारसला म्हटलं, माझ्या मुलीचा चेहरा काढ. अंगभर कपडे, हातात लेखणी, केस नीट बांधलेले. ज्या भिंतीवर एवढी घाण होती तिथं एक सभ्य मुलगी बसू दे. मी रोज सकाळी बघत जाईन.

“हुबेहूब काढीन,” तो म्हणाला. “मुलगी समोर बसवा फक्त.”

हे कुरकुरले, पण फार नाही. मुलगी जाणार म्हटल्यावर ह्यांचाही जीव खालीवर होतोयच.

१ एप्रिल

संताप संताप झालाय.

ख्रेस्तेला कुठून तरी कळलं, भिंत फोडणार. ती सरळ माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. हिलारस तिथंच माप घेत होता.

“बाईसाहेब, तो रंगारी म्हणतो की भिंतीचा तुकडा करवतीनं कापून काढता येतो. चौकटीत बसवता येतो. मला त्यातला एवढा तुकडा द्या.” तिनं हातांनी दाखवला, ताटाएवढा. “दुसरं काही मागत नाही. माझ्या कोठडीत उलटा करून ठेवीन, कुणाला दिसणार नाही.”

“अगं, लाज वाटते का तुला? ह्या चित्राचा तुकडा? उशाशी घेऊन झोपणार?”

“तसं नाही, बाईसाहेब. मला फक्त ती…”

“एक अक्षर बोलू नकोस!”

“मला ती हवी. तिचं नाव नाही घेत मी. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही घेत.”

तिचं नाव! चित्रातल्या उघड्या बयेला हिनं नाव पण ठेवलंय! हिलारस मध्ये तोंड घालायला लागला, “बाईसाहेब, कोपऱ्यातला भाग कापायला मला अर्धा दिवस लागेल, काही अवघड…” मी त्याला म्हटलं, तुला भिंत फोडायला बोलावलंय, वाटायला नाही. ह्या घरात त्या चित्राचा कणसुद्धा राहता कामा नये. माझ्या मुलीचा चेहरा तिथं बसायचाय.

ख्रेस्ते उठली. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती म्हणाली, “बरं.”

४ एप्रिल

दिवसभर टक टक टक. डोकं उठलं. पोल्ला आणि मी अंगणात ओढणीला काठ लावत बसलो होतो. नारिंगी रंग काय सुंदर चढलाय. पोल्ला म्हणाली, “आई, ख्रेस्ते कानात लोकर घालून बसलीय.” मी म्हटलं, मलाही दे थोडी.

राडारोडा उचलायचं काम ख्रेस्तेलाच दिलं, ती खोली तिनंच मागून घेतली होती ना. टोपल्या भरून मागच्या उकिरड्यावर नेत होती. संध्याकाळी मी बघायला गेले तर टोपली पालथी करून खपल्या एकेक उलटून बघत बसलेली, बोटं पांढरीफटक. अजून सुटत नाही बाई हौस! मी तशीच मागं फिरले. कंटाळा आला.

१० एप्रिल

झालं! काय काढलीय पोरगी! गाल, ती हनुवटीवरची खळी, आणि कपाळावर न बसणारी ती एक बट. पोल्ला दिवसभर चुळबूळ करत होती, “आई, नाक खाजतंय, आई, भूक लागली.” हिलारस म्हणाला, असंच बोलत राहा, म्हणजे चेहरा मरत नाही. भिंत छान लाल, कोपरे मोकळे. खोलीत शिरलं की देवळात शिरल्यासारखं वाटतं.

ख्रेस्तेनं मात्र ती खोली झाडायला नाही म्हटलं. म्हणजे नाही असं नाही म्हटलं, म्हणाली, “मला भांड्यांवर घाला, बाईसाहेब.” मागताना मागितली, आता तिथं बघायला काही उरलं नाही तर नको झाली. पोल्लाला सांगितलं तर ती म्हणाली, “आई, ती म्हातारी तशी नाहीये गं.” तू लहान आहेस, मी म्हटलं.

१८ एप्रिल

विहीणबाई येऊन गेल्या. हेरेनिया त्यांचं नाव, नाकात बोलतात, पण वागायला साध्या. मी सगळं घर दाखवलं, आरशासारखं स्वच्छ. निजायच्या खोलीशी आल्यावर त्यांनी मला हातानंच मागं सारलं आणि उत्सुकतेनं आत डोकावल्या.

“हे काय? व्हेसोनियसचं चित्र कुठाय?”

“कुठलं?” मी म्हटलं, जीव मुठीत धरून.

“अहो विहीणबाई, कापुआत सगळ्यांना माहीत आहे ते! हिरव्या गादीचं! आमच्याकडं आहेत दोन, पण अशी नाही गादी. मी मुद्दाम बघायचं म्हणून आले हो. जेवणाच्या खोलीत आमचं एक आहे, दुसरं मुलाच्या खोलीत, पोल्ला येणार म्हणून नवीनच रंगवून घेतलंय.”

माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे. हे मागं उभे राहून खोकत होते, म्हणजे हसत होते.

“मी ते काढून टाकलं,” मी म्हटलं. “पोल्लाचा चेहरा काढून घेतला. ती गेल्यावर बघायला.”

विहीणबाईंनी चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि माझा हात धरला. “हे बरं केलंत,” म्हणाल्या. “माझी थोरली ब्रुंदिसियमला दिलीय. तिचं काही नाही माझ्यापाशी.”

शी, कापुआच्या मोठ्या घरांचीही तीच तऱ्हा. माझ्या पोरीला त्या असल्या भिंतीखाली झोपावं लागणार. पण बाई चांगली आहे.

२६ एप्रिल, रात्र

गेली.

सगळं नीट झालं. ओढणी, मशाल, अक्रोड उधळले, पोरं ओरडली, गावच्या वाह्यात गाण्यांकडं मी लक्ष दिलं नाही. मग तिला ओढून न्यायची वेळ आली. नवरीनं आईच्या कुशीत शिरायचं आणि नवऱ्याकडच्यांनी तिला खेचून न्यायचं, तसं नुसतं खेळायचंच असतं, सगळे हसत असतात. मीही हसणार होते. पण पोल्लानं मला जे धरलं ते सोडेचना, आणि माझेही हात सुटेनात. ते खेचताहेत, लोक हसताहेत, आणि मी ओरडले, “नका नेऊ!” सगळ्यांना वाटलं मी छान वठवलं. टाळ्या वाजवल्या.

ख्रेस्ते खांबाशी उभी होती. माझं ओरडणं ऐकून ती खालीच बसली, भुईवर, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. स्वयंपाकीण तिला उचलून आत घेऊन गेली. लग्नाच्या दारात असं बसतात का?

पुढं मिरवणूक वेशीपर्यंत, मग गाडी. गाडी दिसेनाशी झाली तरी हे हात हलवत होते.

४ मे

घर खायला उठतंय. हे माशांच्या पिंपांत डोकं घालून बसतात, घरी येतात, जेवतात, झोपतात. मी काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. खाटेखालचा दिवा काढला. तेल गळत नाही म्हणून.

१२ मे

आज सकाळी नेहमीप्रमाणं खोलीत गेले. कुणी नसताना मी तिच्याशी जरा बोलते. आपलीच मुलगी, कुणाला काय करायचंय? फडका ओला करून तिचे गाल पुसले. म्हटलं, “रात्री वारा किती होता गं. पांघरूण घेतलं होतंस ना? तुझी सासू खायला देते का नीट?” आणि तेवढ्यात पाठीमागं पाऊल वाजलं. ख्रेस्ते. तांब्या घेऊन उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

मला लाज वाटली. म्हटलं, काय आहे?

“ओला फडका नको, बाईसाहेब,” ती म्हणाली. “कोरडा घ्या. आणि खिडकीची फळी सकाळी लावून ठेवत जा. तिच्या अंगावर सरळ ऊन येतं, उन्हानं चेहरा लवकर उडतो. आमची त्या कोपऱ्यात होती, सावलीला. म्हणून इतकी वर्षं टिकली.”

“कोण आमची?”

तिनं तांब्या खाली ठेवला. मग विचारलं, “लग्न झालं ना आता? नाव घेतलं तर चालेल?”

मी मान हलवली.

“मिर्ताले. माझी मुलगी. सुरई घेऊन उभी होती ती.”

आणि ती भांडी घासायला निघून गेली. रागानं नाही, काम पडलं होतं म्हणून.

मी खाली बसले. कोपऱ्याकडं बघितलं, तिथं नुसती लाल भिंत. पांघरलंस का. उभं राहून राहून पाय दुखत असतील. मधाची वडी. ताटाएवढा तुकडा. हे सगळं माझ्यासमोर झालं, माझ्या ह्या कानांनी मी ऐकलं, आणि मी म्हातारीला हौशी म्हटलं! मला त्या चित्राची कधी आली नव्हती एवढी किळस आली, माझी.

१३ मे

हिलारसला शेजारच्या घरातून कामावरून उठवून आणला. म्हटलं, त्या कोपऱ्यात ती मुलगी परत काढ. तिघांतली ती. आत्ताच्या आत्ता.

तो डोकं खाजवायला लागला. “बाईसाहेब, ते दोघं पाहिजेत तर उद्या काढून देतो. अगदी तसेच, वाळ्यासकट. साचा आहे माझ्याकडं. पण तिला कुठून आणू? मी तिच्या चेहऱ्यावर हातोडी मारताना दुसरीकडं बघत होतो.”

ख्रेस्तेला बोलावलं. म्हटलं, हा बसलाय, तू सांग, हा काढील. ती हात पुसत आली. हिलारसनं फळीवर कोळशानं एक गोल काढला.

“नाक कसं होतं?”

“चांगलं होतं. लहान. म्हणजे फार लहान नाही.”

त्यानं काढलं. तिनं मान हलवली. पुसलं. पुन्हा काढलं. डोळे. पुन्हा पुसले. भुवया. “अशा नव्हत्या.” मग कशा? “अशा नव्हत्या एवढं कळतंय.” दुपार झाली. फळी काळी झाली. ख्रेस्तेनं डोळे गच्च मिटले, उघडले, पुन्हा मिटले, आणि तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं.

“मी भिंतीवर बघून बघून लक्षात ठेवलं होतं, बाईसाहेब,” ती म्हणाली. “खरी कशी होती ते केव्हाच गेलं. आता भिंतीवरची पण पुसट होतेय.” मग ती माझ्याकडं वळली. “तुम्ही तर अलीकडंच बघितलंत ना? किती वेळा त्या खोलीत जायच्यात. तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही सांगा ना, कशी दिसायची?”

हिलारसनं कोळसा उचलला आणि वाट बघत बसला.

मला हिरवी गादी आठवली. गादीचे पिवळे पट्टे आठवले. टाचेशी घसरलेला वाळा, उशीची चुणी, त्या बाप्याच्या पोटावरची घडी, सगळं आठवलं, आत्ता काढून दाखवीन इतकं स्वच्छ. रोज शी म्हणत म्हणत मी ते दोघंच बघत होते. कोपऱ्यात सुरई आठवली. सुरईच्या वर काही नाही.

“सुंदर होती,” मी म्हटलं.

“हो ना?” ख्रेस्तेचा चेहरा उजळला. ती हिलारसकडं वळली आणि त्याला म्हणाली, “ऐकलंत? बाईसाहेबांनी बघितलंय. सुंदर काढा.”